दोन वाट्यांचं कार्बुरेटर : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

परतवाड्याला स्प्रे पंपाच्या रिंगा अन् वायसर आणायला गेलो होतो, येता येता सवयीने भंगारवाल्या चाचाकडे थांबलो. पितळेच्या ढिगात गडवे-तांबे उलटे पडलेले, त्यांच्या खाली काहीतरी बोजड दिसलं म्हणून ओढलं तर कार्बुरेटर, इंजिनाला तेल अन् हवा मिसळून देते ते. पण असं कार्बुरेटर मी बावीस वर्षं दुकान चालवून कधी पाहिलं नाही. याला दोन वाट्या आहेत. फ्लोट चेंबरला, म्हणजे तेल साठते अन् त्यावर फ्लोट तरंगतो त्या डब्याला, आम्ही वाटी म्हणतो अन् ती एकच असते. इथं एक मोठी अन् तिला चिकटून एक लहान, जशी म्हैस अन् तिची वगार. दोघींच्या मधात तेल सोडा-बंद करायची पितळेची चावी, नळाला असते तशी, पार जाम.

चाचा म्हणे पितळेच्या भावाने घे. मी म्हटलं चाचा, अर्धं लोखंड अन् जस्त आहे, पितळ कुठं आहे यात. साडेसहाशेत सोडलं. घरी काट्यावर टाकलं तर २ किलो १४० ग्रॅम. बायको म्हणाली सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत अन् तुम्ही हे आणून राहिले. बरोबरच आहे तिचं.

यावेळी ठरवलं की जे दिसलं ते तारखेनिशी लिहायचं, नाही तर मागच्या मॅग्नेटोसारखं होते, खोलला तेव्हा सगळं समजलं होतं अन् जोडताना एक स्प्रिंग हातात उरली.

३ नोव्हेंबर

सकाळी लाईन नव्हती म्हणून ओट्यावर उन्हात बसून नीट पाहिलं.

नाव नाही. जिथं कंपनीचं नाव असते तिथं कोणीतरी कानशीने घासून सपाट केलंय. विकताना दुसऱ्या नावाने खपवायचं असेल. खालच्या अंगाला 'मेड इन इंग्लंड' तेवढं वाचता येते. आतल्या व्हेंचुरीवर, म्हणजे तो गळ्यातला आवळता भाग असतो त्याच्यावर, २३ आकडा. व्हर्निअर लावला, २३ मिलिमीटरच निघालं.

हवा खालून वर जाते, अपड्राफ्ट. जुन्या इंजिनांमध्ये टाकी वर, कार्बुरेटर खाली, तेल आपल्या वजनाने उतरायचं, पंप नको. फ्लोट अडकून वाटी ओसंडली तरी तेल खाली जमिनीवर पडणार, इंजिनात भरणार नाही. गरीब माणसाच्या इंजिनाला सोयीचं.

चावीभोवती तीन खुणा ठोकलेल्या आहेत. कचरा खरडला तर इंग्रजीत 'पीईटी', मग 'ओएफएफ', मग 'पीएआर'. पहिलं पेट्रोल, दुसरं बंद. तिसरं काय? पुतण्या म्हणे काका, पार्किंग असेन. घे.

५ नोव्हेंबर

काल-आज मिळून तीन लोकांनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिला म्हणाला जीपचं. आमच्याकडे जुनं काही दिसलं की जीपचंच असते. विलीज जीपचं कार्टर कंपनीचं कार्बुरेटर मी स्वतः खोललंय, त्यात हवा वरून खाली जाते, हे उलटं आहे. शिवाय जीपचं इंजिन २.२ लिटरचं, ४००० आरपीएमला ६० हॉर्सपॉवर, त्याला २३ चा गळा म्हणजे बैलाला वासराचं मुस्कं.

दुसरा म्हणाला ट्रॅक्टर, लहान राखाडी फर्ग्युसन. हे डोक्यात घेण्यासारखं होतं, कारण ते टीई-२० ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला बनले अन् त्यात एक मॉडेल पेट्रोलवर चालू करून मग ट्रॅक्टरच्या घासलेटवर चालवायचं होतं. कार्बुरेटर पण अपड्राफ्ट. शेजारच्या गावात एका पाटलाच्या गोठ्यात तसला ट्रॅक्टर पडून आहे, त्यावर कोंबड्या बसतात. आज गेलो, कोंबड्या उठवल्या, कार्डबोर्डवर फ्लॅन्जचा, म्हणजे इंजिनाला बसते त्या बाजूचा, छाप घेतला. स्टडमधलं अंतर जुळत नाही, अर्ध्या बोटाचा फरक. अन् त्याला वाटी एकच. बाद.

तिसरा आमचा अमरावतीचा फिटर मित्र, फोटो पाहून म्हणे विमानाचं आहे. का तर दोन स्क्रूच्या डोक्यात आरपार बारीक भोक आहे अन् विमानाचे स्क्रू तार ओवून बांधतात. हे खरं आहे, बांधतात. एक रात्र मी पण हवेत होतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरची रात्रीची डाक डोळ्यासमोर आली. १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रासची विमानं अर्ध्या रात्री नागपूरला भेटून टपालाच्या थैल्या बदलायची. पण त्या डाकोटा विमानाचं एक-एक इंजिन चौदा सिलिंडरचं, हजार-बाराशे हॉर्सपॉवरचं. त्याला हे लावलं तर विमान रनवेवरच रुसेल. लहान विमान म्हणावं तर वर गेल्यावर हवा विरळ होते म्हणून मिक्श्चर कमी करायची दांडी लागते, ती इथं नाही.

मग भिंग घेऊन भोकं पाहिली. एका भोकात शिशाचा चपटा तुकडा अडकलेला. म्हणजे तार ओवून शिशाचा शिक्का मारलेला, जसा विजेच्या मीटरला मारतात. हे स्क्रू कोणी फिरवू नये म्हणून. विमान उतरलं.

८ नोव्हेंबर

आज एक मूर्खपणा केला, तो पण लिहून ठेवतो.

चावी सुटेना. दोन दिवस डिझेलमध्ये भिजवली, गरम केली, नाही. मग म्हटलं वरची घाण तर निघू दे, म्हणून आईच्या देवपूजेच्या उपकरणांसारखं चिंचेच्या पाण्यात सगळंच बुडवलं. पितळ लखलखलं. पण लहान वाटीचं झाकण पितळेचं नव्हतं, जस्ताच्या मिश्रधातूचं होतं. तासाभराने पाहतो तर त्यावर फेस, बुडबुडे, अन् काढलं तर काळंठिक्कर, वर बारीक खड्डे. आंबट अन् जस्त यांचं जमत नाही हे शाळेच्या पुस्तकात होतं, पुस्तक वाचलं पण होतं. आई म्हणे, देवाची भांडी घासता येत नाही अन् इंग्रजाची घासायला निघाला.

झाकण अजून बसते, गळत नाही. पण तोंड गेलं त्याचं.

संध्याकाळी चावी सुटली. काही न करता. सकाळी ज्या उन्हात ठेवली होती त्याच उन्हात.

९ नोव्हेंबर

रविवार, बाया वेचणीला मिळाल्या नाहीत, सगळ्या दुसऱ्याच्या वावरात. म्हणून दिवसभर हेच केलं.

आत दोन जेट, म्हणजे तेल सोडणारी बारीक भोकं. एकावर ९५, एकावर १००. हे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात, म्हणजे ०.९५ अन् १ मिलिमीटरचं भोक. दोन जेट पाहून समजलं की बांधणी झेनिथ पद्धतीची आहे, भले नाव घासलेलं असो. ही युक्ती फ्रान्समधल्या ल्योंच्या बाव्हेरे नावाच्या इंजिनिअरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. साध्या एका जेटची खोड अशी की ओढ वाढली की तेल हवेपेक्षा जास्त येते, इंजिन काळा धूर सोडते. बाव्हेरेने दुसरा जेट एका उघड्या विहिरीत सोडला. विहिरीचं तोंड हवेला उघडं, म्हणून तिच्यात तेल फक्त वाटीतल्या उंचीच्या जोरावर येते, वरची ओढ कितीही असो. ओढ वाढली की पहिला जेट उधळतो अन् दुसरा तेवढाच देत राहतो, दोघं मिळून हिशोब बरोबर. कॉम्पेन्सेटिंग जेट म्हणतात त्याला. आमच्या घरात पण असंच आहे, मी उधळतो, बायको ठरलेलंच देते.

आता जे नाही ते. ॲक्सिलरेटर पंप नाही. स्लो रनिंगचा जेट नाही, त्याची वाट पण नाही. थ्रॉटल लिव्हरला टेकायला स्क्रू नाही, म्हणजे रेस सोडली की अमुक जागी थांब असं सांगणारं काहीच नाही. लिव्हर आखूड, त्याला केबलची खाच नाही, बॉल जॉइंट आहे. म्हणजे थ्रॉटलला पाय नव्हता अन् हात पण नव्हता, लोखंडी दांडी होती. दांडीच्या दुसऱ्या टोकाला गव्हर्नर, इंजिनाची चाल आपोआप सारखी ठेवतो तो, दुसरं काय असणार.

म्हणजे हे रस्त्यावर कधी धावलंच नाही. एका जागी बसून एका चालीवर चालणारं इंजिन.

१४ नोव्हेंबर

फ्लोट. दोन्ही पितळेचे, पोकळ. लहान हलवला, आवाज नाही. मोठा हलवला तर आत पाण्यासारखं खुळखुळ. म्हणजे फुटका, भोक सुईच्या टोकाएवढं अन् आत तेल गेलेलं.

भोक शोधायची जुनी रीत, गरम पाण्यात बुडवायचा, आतली वाफ जिथून निघेल तिथून बुडबुडे. चूल विझवून, पातेलं अंगणात नेऊन केलं. बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली झाळीच्या कडेतून अन् तिच्यासोबत वास. पुतण्या दूर होता तो पण म्हणाला, काका, घासलेट!

किती वर्षांपूर्वीचं असेल कोण जाणे. आजकालच्या पोरांना हा वास माहीत असण्याचं कारण नाही, रेशनचं घासलेट आमच्याकडे बंद होऊन कितीक दिवस झाले, पण ह्याला आजीच्या कंदिलामुळे माहीत. मग 'पीएआर' एकदम समजलं. इंग्लंडातले लोक घासलेटाला पॅराफिन म्हणतात. आपल्याकडे पॅराफिन म्हटलं की मेण, नाही तर डॉक्टर बद्धकोष्ठाला लिहून देतो ते, म्हणून डोक्यात आलंच नाही. पेट, ऑफ, पार. पेट्रोल, बंद, घासलेट. लहान वाटी पेट्रोलची कारण ते थोडंच लागते, चालू करायपुरतं. मोठी घासलेटची.

अजून एक गोष्ट वजन केल्यावर दिसली. आतलं तेल काढून वाळवून मोठा फ्लोट तोलला तरी जड, कारण त्याच्या डोक्यावर कोणीतरी कथिलाचा गोळा मुद्दाम डागलाय. घासलेट पेट्रोलपेक्षा जड, एक लिटर पेट्रोल अंदाजे ७४० ग्रॅम तर घासलेट ८०० च्या आसपास. जड तेलात फ्लोट वर तरंगतो, तेल यायच्या वाटेतली सुई लवकर बंद करतो, वाटी अर्धवटच भरते. म्हणून त्याला वजन द्यायचं. ते ज्याने केलं त्याला हे माहीत होतं. कंपनीने केलेलं वाटत नाही, गोळा वाकडा आहे अन् त्यावर अंगठ्याचा दाबल्यासारखा चपटेपणा आहे. कोणातरी मिस्त्रीचं काम. मी तो गोळा तसाच ठेवला, फक्त भोक झाळलं.

२३ नोव्हेंबर

आठ दिवस तुरीला फवारणी अन् दुसऱ्यांचे पंप. रात्री तीन फेज लाईन असते म्हणून हरभऱ्याला पाणी पण रात्रीच. आज वेळ मिळाला.

बटरफ्लाय काढली, ती गोल चकती जी गळ्यात उघडझाप करते. गाडीच्या कार्बुरेटरची स्पिंडल, म्हणजे या चकतीचा दांडा, झिजते तेव्हा सगळीकडून झिजते, कारण ड्रायव्हर सारखा पाय दाबतो-सोडतो. इथं स्पिंडल एकाच बाजूने लांबट झालीय. अन् गळ्याच्या भिंतीवर, जिथं चकतीची कडा थरथरत राहिली, तिथं घासलेला चमकता पट्टा. बाकी भिंत तपकिरी, लाखेसारखी घासलेटची पुटं, अन् मधात हा पट्टा दीड सुताचा. थ्रॉटल एक तृतीयांश उघडी ते अर्धी उघडी, एवढ्याच जागेत आयुष्य गेलं याचं.

हाच पट्टा मला खटकून राहिला. पाण्याच्या पंपाचं इंजिन असतं तर पट्टा नाही, रेघ दिसली असती, कारण विहिरीतून पाणी उपसायचा लोड सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच. गव्हर्नर एका जागी झोपतो. इथं लोड बदलत होता, पण फार नाही, अन् पुन्हा पुन्हा बदलत होता. पिठाची गिरणी? गिरणीत लोड शून्यावर पण येतो, धान्य संपलं की. मग पट्टा खालपर्यंत गेला असता.

इंजिनाचा अंदाज काढला. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, एक लिटर, हजार आरपीएम धरलं तर हवा ओढायचा एक स्ट्रोक ०.०३ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ३३ लिटर. २३ मिलिमीटरच्या गळ्याचं तोंड ४.१५ चौरस सेंटिमीटर. भागलं तर ८० मीटर दर सेकंद, सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून पाऊण धरा, साठ. जमते. म्हणजे चार-पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. घासलेटवर कॉम्प्रेशन कमी ठेवावं लागते, नाही तर ठोका मारते, म्हणून मोठ्या अंगाचं अन् कमी ताकदीचं.

चार-पाच हॉर्सपॉवर, एकाच चालीवर, लोड थोडा वरखाली. डायनॅमो? पण कोणाचा?

३० नोव्हेंबर

काही केलं नाही. कापूस. भावाविषयी लिहिणार होतो पण ही वही कार्बुरेटरची आहे.

७ डिसेंबर

आज हात थरथरले.

चावीच्या बुडाशी एक पॅकिंग होतं, काळपट, गोल चकती, मधात भोक. मी समजत होतो फायबरचं आहे. काढताना वाकलं पण तुटलं नाही अन् उन्हाकडे धरलं तर त्यातून उजेड आला. कडेला दोन्ही बाजूंनी चौकोनी भोकं, एका मापाची, एका अंतराची.

सिनेमाची फिल्म. ३५ मिलिमीटरची. कात्रीने गोल कापलेली, चकती ३४ ची म्हणून दोन्ही कडांची भोकं आत आली. घासलेटात भिजून भिजून पिवळी पडलीय पण चित्र आहे. काळं-पांढरं. मधला भाग भोकासाठी कापला गेला, त्यात माणूस असेल तो गेला, उरलाय तो कडेला एक हात, कोपरापर्यंत बांगड्या भरलेला, अन् मागं दाराची चौकट. चित्राच्या अन् भोकांच्या मधात बारीक नागमोडी पट्टी, ती आवाजाची. कडेवर इंग्रजी अक्षरं, पहिली कापली गेली, पुढची 'एफईटीवाय'. सेफ्टी.

हे 'सेफ्टी' महत्त्वाचं. आधीची फिल्म नायट्रेटची असायची, ती बारुदासारखी पेटते अन् एकदा पेटली की पाण्यात पण विझत नाही. १९५१ च्या सुमारास ती बनवणं बंद झालं अन् ॲसिटेटची आली, तिच्यावर 'सेफ्टी' छापायचे. खात्री म्हणून नखाएवढा कण कापून अंगणात चिमट्यात धरून काडी लावली. आळसाने जळली, वितळत. ॲसिटेटच. अन् ॲसिटेटला पेट्रोल-घासलेट काही करत नाही, म्हणून इतकी वर्षं टिकली. ज्याने कापली त्याला हे माहीत होतं की नुसतं हाताशी होतं म्हणून कापलं, पण पॅकिंग म्हणून याच्यापेक्षा चांगलं काही मला पण सुचलं नसतं.

फिल्मचे तुकडे हाताशी कोणाच्या असतात? ज्याची फिल्म रोज तुटते त्याच्या.

टुरिंग टॉकीज.

८ डिसेंबर

आईला विचारलं. ती म्हणे बहिरमच्या जत्रेत तंबू असायचा, बाया एकीकडे माणसं एकीकडे, खाली बसायचं, पोतडी घरून न्यायची. इंजिन कुठं होतं? म्हणे ते दूर असे, पण ऐकू येई, सिनेमात कोणी रडून राहिलं की मागून आपलं फट फट फट.

२२ डिसेंबर

बहिरमला गेलो. जत्रा २० तारखेला लागते अन् पुढं महिना-सव्वा महिना चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणून मध्य प्रदेशातले लोक पण भरपूर. आधी दर्शन, मग रोडगे अन् वांग्याची भाजी. हंडीच्या मटणाचं पण मन होतं, पण सोमवार केला.

कार्बुरेटर पिशवीत घेऊन गेलो होतो. दोन-तीन म्हाताऱ्या दुकानदारांना दाखवलं. एकाने सांगितलं की करजगावकडे एक आबाजी आहेत, पोरपणी टॉकीजवाल्यांसोबत फिरत होते. फोन नंबर कोणाजवळ नाही, पण घर सांगितलं, कडुनिंबाखालचं.

२८ डिसेंबर

गेलो. आबाजी ऐंशीच्या वरचे, कानाने कमी, नजर बरी. खाटेवर बसून तूर निवडून राहिले होते. मी नमस्कार करून पिशवीतून काढून समोर ठेवलं, काही सांगितलं नाही.

त्यांनी पाहिलं, सुपडं बाजूला सारलं अन् सरळ चावीवर हात ठेवला. वाटीवर नाही, नावाच्या जागेवर नाही. चावीवर.

"हे त आपल्या इंजिनचं व्हय," म्हणाले. "कुठी सापडलं तुले?"

'आपल्या'च की तसल्याच दुसऱ्या, ते मी विचारलं. ते म्हणे गोळा पाह्य ना बावा, मोठ्या फ्लोटवर. मी तोपर्यंत गोळ्याचं बोललोच नव्हतो अन् वाटी बंद होती.

पुढचं त्यांच्याच शब्दांत जितकं आठवते तितकं. "महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट, मी पंधरा-सोळाचा. सिनेमाचं मशीन चालवे तो वेगळा, तो साहेब, त्याले आम्ही ऑपरेटरसाब म्हणो. मी इंजिनवर. इंजिन तंबूपासून दूर, गड्ड्यात ठेवो, भोवताल पोते मातीचे, आवाज नाई आला पायजे. पैले पेट्रोलवर चालू करायचं. मंग सायलेन्सरले हात लावून पाह्यचा, चटका बसला का चावी फिरव घासलेटवर. थंड्यात फिरवली त धूर धूर, अन् तंबूतून शिव्या. पेट्रोल महाग, मालक बाटली मोजून दे. म्हून पोट्टे घाई करत, मी नाई केली कधी."

पट्ट्याबद्दल विचारलं, की लोड का बदलत होता. हा प्रश्न त्यांना समजायला वेळ लागला, मी हाताने थ्रॉटल हलवून दाखवली तेव्हा हसले. "कांड्या!" मशीनमध्ये बल्ब नव्हता, कोळशाच्या दोन कांड्या. त्या एकमेकीला टेकवायच्या अन् जराशा दूर करायच्या, मधात जो जाळ पडतो त्याचा उजेड. टेकवल्या की डायनॅमोवर धाडकन लोड, इंजिन कण्हते. मग जळून जळून अंतर वाढते, लोड उतरते, ऑपरेटर पुन्हा जवळ सरकवतो. एका हजार फुटाच्या रिळाला अकरा मिनिटं, रीळ बदलताना कांड्या नव्या, पुन्हा टेकवा. "इंजिन कण्हलं का मले समजे, साब आता उजेड करून रायला. पडदा मले दिसतच नव्हता ना."

कार्बन आर्कला डीसी लागते, पन्नास-पंचावन्न व्होल्ट अन् तीसेक ॲम्पिअर, वर रेझिस्टन्समध्ये जाते ते वेगळं अन् आवाजाचा ॲम्प्लिफायर वेगळा. म्हणजे चार-पाच हॉर्सपॉवर. माझा ओट्यावरचा भागाकार चुकला नव्हता. अन् शिशाचा शिक्का कशाला ते पण समजलं. मशीनची मोटार त्याच डायनॅमोवर, सेकंदाला चोवीस चित्रं जायची, इंजिन हळू झालं की गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्याचा व्हायचा. एकदा कोणीतरी पेट्रोल वाचवायला स्क्रू फिरवले, सगळी पब्लिक हसली, तेव्हापासून मालकाने शिक्का मारला.

फिल्मची चकती दाखवली. बराच वेळ उन्हाकडे धरून बसले. सिनेमा कोणता ते विचारलं तर म्हणे, "मले काय मालूम बावा, मी गड्ड्यात होतो."

४ जानेवारी

आबाजींना दुकानात आणलं, त्यांचा नातू घेऊन आला गाडीवर. कार्बुरेटर आता जोडून तयार आहे. इंजिन नाही, म्हणून धान उपणायच्या ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला पाईपाने लावलं, दोन्ही वाट्यांना वरून दोन बाटल्या लटकवल्या. बाटल्यांत पाणी. पेट्रोल टाकून ब्लोअर लावणं म्हणजे सरणावर बसून विडी ओढणं. पाणी दोन्ही तेलांपेक्षा जड, म्हणून लेव्हलचा हिशोब यात तपासता येत नाही, पण जेट मारतात की नाही एवढं तर दिसते.

मारतात. काचेच्या तुकड्यातून आत पाहिलं तर गळ्यात धुकं, दोन्ही जेटचं मिळून, सारखं. थ्रॉटल पट्ट्याच्या जागी आणून ठेवली तेव्हा सगळ्यात चांगलं. आबाजींनी चावी 'पीईटी'वरून 'पीएआर'वर नेली, धुकं क्षणभर तुटलं अन् पुन्हा लागलं. लहान बाटली थांबली, मोठी उतरू लागली.

पाच मिनिटं पाहिलं, मग मी ब्लोअरचं बटन बंद करायला हात नेला तर त्यांनी माझा हात धरला. चावी परत 'पीईटी'वर फिरवली अन् ओठातल्या ओठात मोजू लागले. मी थांबलो. साठ झाले तेव्हा म्हणाले, आता कर. घासलेट भरलेलं ठेवून बंद केलं तर सकाळी थंड इंजिन उठत नाही, वाटी अन् जेट पेट्रोलने धुवून मगच बंद करायचं. पाणी होतं बाटलीत, हे त्यांना पण माहीत होतं.

बाकी राहिलेलं काम : चावीला दीड मिलिमीटरचं फायबर पॅकिंग नवीन कापलं, गळत नाही. फिल्मची चकती पाकिटात, पाकीट वहीला स्टेपल केलंय. लहान वाटीचं काळं झाकण बदलायचं नाही. चोकला एक वीतभर तार कोणीतरी जोडलीय ती गड्ड्यात न वाकता ओढायला, तशीच ठेवली. चाचाला फोन केला की ज्या माणसाकडून हे आलं त्याच्याकडे डायनॅमो आहे का विचार. चाचा म्हणे तांब्याची तार होती त्यात, ती त याच्या आधीच गेली.